शक्यता नाकारता येत नाही

कर्णिकनाना आमच्या समोरच्या घरात सव्वादोन वर्षं राहिले, आणि तेवढ्या काळात त्यांनी मला एकदाही सरळ हो किंवा नाही असं उत्तर दिल्याचं आठवत नाही. नाना, आज पाऊस पडेल का? "शक्यता नाकारता येत नाही." नाना, तुमच्या मेधाला आज उशीर होणार आहे का? "शक्यता नाकारता येत नाही." माझी मुलगी रिया, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर इथल्या डंडॉकच्या इंग्रजीतच देते, तिने हे एक वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. होमवर्क झाला का विचारलं की कमरेवर हात ठेवून नानांच्या सुरात तेच म्हणायची. आम्ही पोट धरून हसायचो. या वाक्याने एका माणसाचे अकरा महिने खाल्लेत, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं.

नाना जाऊन आता वर्ष होईल. डोळ्यांपुढे येतात ते नेहमी इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात. त्यावर स्वेटर, आणि सगळ्यांत आत, बनियनला हाताने शिवलेला खिसा. त्या खिशात पासपोर्ट आणि इथे राहायच्या परवान्याचं कार्ड. कचऱ्याचा डबा फाटकाशी ठेवायला यायचे तेव्हाही ते कार्ड अंगावर असायचं. बोलता बोलता मधेच छातीवर हात जायचा. पहिल्यांदा मला वाटलं, हृदयाचा त्रास असेल. मी घाबरून मेधाला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं नाही, पासपोर्ट आहे का बघतात."

मेधा त्यांची एकुलती एक मुलगी, इथल्या औषधांच्या कारखान्यात शास्त्रज्ञ. आई गेल्यावर तिने नानांना इकडे आणलं. येताना त्यांनी सामानात हिरव्या नाडीचे टॅग आणले होते, फायली बांधायचे. इथे ते मिळतील की नाही अशी शंका होती म्हणे. वर्षभरात मेधाच्या घरात सोळा फायली झाल्या. वीज, पाणी, रक्तदाब, कचरा वेळापत्रक, आणि एक "मेधा : किरकोळ". आमच्याकडे कोथिंबीर वड्या पाठवल्या तर डब्यावर चिठ्ठी असायची, "अवलोकनार्थ व योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर." कोणत्या खात्यात होतात विचारलं तर "सरकारात होतो" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. मी चिकाटीने चारदा विचारलं. चारदा तेच उत्तर मिळालं.

आता आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. डंडॉक हे आयर्लंडमधलं सरहद्दीवरचं गाव. इथून गाडीने वीस मिनिटांवर न्यूरी, आणि न्यूरी म्हणजे दुसरा देश, ब्रिटनकडचं उत्तर आयर्लंड. मधे फाटक नाही, शिपाई नाही, साधा दोर बांधलेला नाही. वेगाच्या पाट्यांवरचे किलोमीटर संपून मैल सुरू झाले की समजायचं, देश बदलला. आयरिश माणसं दुधासाठी जावं तशी तिकडे जाऊन येतात. पण भारतीय पासपोर्टवाल्याला तिकडचा वेगळा व्हिसा लागतो. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. कधीतरी विचारतात, आणि तेवढं पुरतं. मी स्वतः सहा वर्षं भारतीय पासपोर्टवर काढली. ऑफिसातल्या बायका शनिवारी न्यूरीला चल म्हणायच्या आणि मी डोकं दुखतंय म्हणायची. माझं डोकं दर शनिवारी दुखतं अशी माझी ख्याती झाली होती. पुढे आयरिश पासपोर्ट मिळाला आणि पहिल्यांदा गाडी पलीकडे नेली, तेव्हा स्टिअरिंगवर तळव्याचा घाम उमटला होता. मला कुणी अडवलेलं नव्हतं. सहा वर्षं मीच मला अडवलं होतं, आणि याची मला आजही चीड येते.

तर ही रेघ नानांनी कशी पाळली असेल याची कल्पना करा. आमच्याकडून कॅसलब्लेनीला जाणारा रस्ता अधेमधे काही मैल पलीकडच्या देशातून जातो आणि पुन्हा आपल्या बाजूला येतो. इथल्या लोकांच्या ते खिजगणतीतही नसतं. एका रविवारी मेधा नानांना घेऊन तिकडे कुणाकडे जेवायला निघाली आणि फोनमधल्या नकाशाने त्यांना त्याच रस्त्याने नेलं. नानांना मैलांची पाटी दिसली. त्यांनी गाडी थांबवायला लावली, एका शेताच्या फाटकात वळवायला लावली आणि जेवण सोडून दोघं घरी परत आली. संध्याकाळी नाना माझ्याकडे दोन पानी पत्र घेऊन हजर. "विषय : दिनांक अमुक रोजी अनवधानाने झालेल्या परदेशप्रवेशाबाबत." पलीकडच्या देशात आपण चार मिनिटं होतो, गाडीतून उतरलो नाही, कोणाशी बोललो नाही, असं सविस्तर निवेदन. दोन्ही देशांच्या पोलिसांना एकेक प्रत. मी फक्त इंग्रजी करून द्यायचं होतं.

"नाना, कुणाला कळलेलंसुद्धा नाही."

"त्यांना कळण्याआधी आपण कळवलेलं बरं."

मी ते पत्र घेतलं आणि किचनच्या प्रेसमध्ये डाळींच्या डब्याखाली दडपलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. नाना दर आठवड्याला विचारायचे, काय झालं? मी म्हणायची, प्रक्रियेत आहे. हे उत्तर त्यांना पूर्ण पटायचं.

नुसते भित्रे असते तर मी त्यांच्यावर इतकं लिहिलं नसतं. नाना भीतीचे जाणकार होते. एकदा मी आणि ते बसने डब्लिनला निघालो. बस उत्तरेकडून येते आणि आमच्या गावी थांबून पुढे जाते. गावाबाहेर पडल्यावर साध्या कपड्यातला एक पोलीस चढला, सगळ्या बसवरून नजर फिरवली आणि फक्त आमच्याकडे येऊन कागद मागितले. नानांनी बनियनच्या खिशातून कार्ड काढून दिलं. "यू आर ग्रँड," म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणून तो उतरला. मी रागाने फणफणत होते. चाळीस माणसांत आम्हीच दोघं दिसलो याला? नाना मात्र एखादा जुना गवई दुसऱ्याची तान ऐकून मान हलवतो तसे मान हलवत होते.

"मोजकं काम," ते म्हणाले. "चाळीस जणांना विचारलं असतं तर चाळीस जण चिडले असते. दोघांना विचारलं. आता आपल्यासारखे दिसणारे सगळे घरून निघताना खिसा चाचपणार. त्याला उद्या यायचीही गरज नाही."

मी पुन्हा विचारलं, नाना, तुम्ही नक्की कुठे होतात? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, सरकारात.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात इथल्या शहरांमधून आपल्या लोकांना रस्त्यात मारहाण झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. भीती खरी होती, मीही घाबरले होते. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने, निखिलने, नानांना गळ घातली की सदस्यांसाठी एक सूचना लिहून द्या. नानांनी अर्ध्या तासात लिहिली. अनावश्यक बाहेर पडणे टाळावे. सार्वजनिक ठिकाणी मातृभाषेत मोठ्याने बोलू नये. अपरिचित व्यक्तींच्या हालचाली समितीस कळवाव्यात. घरातील सर्व व्यक्तींची, पाहुण्या ज्येष्ठांसह, नावे नोंदवावीत. आणि शेवटी, आपल्या परिसरातही असे प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आठवड्यात गाव बदललं. म्हणजे आमचं गाव, मराठी लोकांचं. मुलं फुटबॉलच्या सरावाला जायची बंद झाली. दोन मैत्रिणी सुपरमार्केटमध्ये माझ्याशी इंग्रजीत कुजबुजू लागल्या. निखिल, ज्याने सातची वेळ दिली की लोक साडेआठला यायचे, तो आता प्रत्येकाला घराबाहेर पडताना आणि पोचल्यावर मेसेज करायला सांगू लागला आणि न केल्यास जाब विचारू लागला. गंमत म्हणजे लोक माफी मागायचे. मीही मागितली, दोनदा. मग कुणीतरी कळवलं की आमच्या कोपऱ्यावर एक इसम रोज कुत्रा घेऊन उभा असतो आणि घरांकडे बघतो. तो पॅट होता. निवृत्त पोस्टमन, वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर उभा राहणारा, रियाला सायकल शिकवणारा. तरुणपणी, सरहद्दीवर चौक्या होत्या तेव्हा, याच पॅटला तिथले सैनिक रोज कामावर जाताना अडवून नाव विचारायचे. त्यांना नाव पाठ होतं, तरी विचारायचे, असं त्यानेच मला सांगितलं होतं. त्याचं नाव आता आमच्या यादीत.

मी तडक समोर गेले. नाना फाईल लावत बसले होते.

"हे काय लिहून बसलात तुम्ही?"

"एक तरी वाक्य खोटं आहे का त्यात?"

"नाही."

"तेच तर." त्यांनी टॅगची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "भीती खरी असावी लागते, अनघा. खोट्यावर फार दिवस भागत नाही. लोक मनापासून घाबरलेले असले की त्यांना करायला काहीतरी द्यायचं. नावं नोंदवा, कळवा, थांबा. मग कशासाठी ते कुणी विचारत नाही. मला वाटलं होतं हात विसरला असेल. अर्ध्या तासात लिहून झालं गं. खाडाखोडसुद्धा नाही."

त्यांच्या हातात निखिलने तपासायला पाठवलेली यादी होती. घरोघरचे पाहुणे ज्येष्ठ. एका नावावर त्यांचं बोट होतं. वसंत धुरी, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम न्यूरी, मुलाकडे.

त्या दुपारी नानांनी मला सगळं सांगितलं. चहा निवला, मी दुसरा केला, तोही निवला. ते ज्या शाखेत होते तिथे माणसांना आधीच आत टाकायच्या फायली यायच्या. गुन्हा झाल्यावर नव्हे, तो होऊ नये म्हणून. खटला नाही, पुरावा नाही, फक्त टिप्पणी. वसंत धुरी हा त्यांचा कॉलेजातला मित्र, हॉस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत. तो पुढे खाडीकाठच्या एका गावात विज्ञानाचा मास्तर झाला. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे मरायला लागले तेव्हा त्याने वर्गातल्या मुलांकडून पाणी तपासून घेतलं आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहिले. लोक जमू लागले. फाईल आली.

"मला ती दुसऱ्याकडे देता आली असती," नाना म्हणाले. "पण का देतोस, असं विचारलं असतं. एका खोलीत राहायचो हे निघालं असतं. माझंच नाव कुठल्या तरी कागदावर आलं असतं. म्हणून मी लिहिली. आणि कुणाला संशय नको म्हणून इतरांपेक्षा कडक लिहिली. सदर इसमाच्या हालचालींमुळे सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधा येण्याची..."

पुढचं मला ऐकायचं नव्हतंच.

"अकरा महिने होता आत. मधे त्याची आई वारली. दोन दिवस सोडा म्हणून अर्ज आला. त्याच्यावरची टिप्पणीही मीच लिहिली."

मला त्या क्षणी नानांचा खूप राग आला, आणि खोटं का बोला, तेवढीच दयाही आली. धुरी महिन्याभरात कायमचे भारतात परतणार होते. नानांचं हृदय विमानप्रवासाच्या पलीकडे गेलं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे भेटायचं तर याच महिन्यात, वीस मिनिटांवर. नानांना त्याच्या तोंडावर सांगायचं होतं, मी लिहिलं. फोनवर नाही म्हणाले. फोनचं काय सांगता येतं.

मग त्यांनी व्हिसाचा अर्ज हातात घेतला. त्यात एक रकाना होता, आपण कधी सरकारी वा सुरक्षाविषयक नोकरीत होतात काय, असल्यास कामाचं स्वरूप. नाना त्या रकान्यापाशी अडले. खरं लिहावं तर गुपित फुटतं, शपथ घेतली होती. न लिहावं तर खोटी माहिती. दहा दिवस तो अर्ज जेवणाच्या टेबलावर पडून होता आणि मेधा एका कोपऱ्यात ताट सरकवून जेवत होती. शेवटी त्यांनी "शासकीय लेखनकार्य" असं लिहिलं आणि अर्ज गेला. तो व्हिसा पुढे मिळाला, पासपोर्टवर छान चिकटून आला, आणि नाना त्यावर एकदाही गेले नाहीत. पण तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

धुरी जायला चार दिवस उरले तेव्हा माझा संयम सुटला. मी त्यांच्या सुनेला, स्मिताला, फोन केला. धुरींकडे फक्त पलीकडचा व्हिसा होता, त्यांना इकडे यायची तीच अडचण. म्हटलं, हरकत नाही, दोघंही आपापल्या देशात बसतील. डोंगराच्या पायथ्याशी शेतांमधून जाणारा एक अरुंद रस्ता आहे. तिथे अर्ध्यावर डांबराचा रंग बदलतो, काळ्याचा करडा होतो, तीच सरहद्द. मी बागेतल्या दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या. सकाळी अकराला, लख्ख उन्हात, एक खुर्ची काळ्यावर मांडली आणि एक करड्यावर.

धुरी उंच, काटकुळे, डोक्यावर लाल लोकरीची टोपी. गाडीतून उतरताच हसले. "दत्ता, लेका, अजून इस्त्रीतच आहेस." नाना हसायचा प्रयत्न करत होते. मेसमधल्या आमटीची आठवण निघाली, कुणा खडूस रेक्टरची निघाली. दहा मिनिटं मला वाटलं, होतंय, सोपं आहे. मग नाना उठून उभे राहिले.

"वसंता, तुझी फाईल माझ्याकडे होती."

"कुठली?"

"अकरा महिन्यांची. आणि आईंच्या वेळी दोन दिवस मागितले होतेस ना, त्यावरही मीच लिहिलं. घाबरून लिहिलं. आपण एका खोलीत राहायचो म्हणून."

धुरींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. स्मिता माझ्याकडे बघत होती आणि मी कुंपणाकडे.

"आत असताना मी विचार करायचो," धुरी म्हणाले, "हे लिहिणारा कोण असेल. वाटायचं, मला न ओळखणारा कोणीतरी असणार. ओळखणाऱ्याचा हातच चालला नसता." मग म्हणाले, "आईने तीन दिवस दाराकडे तोंड करून ठेवलं होतं म्हणे."

नाना उभेच होते. धुरीही उठले आणि अगदी रेघेपर्यंत आले.

"दत्ता, इकडे ये."

"माझ्याकडे व्हिसा नाही."

"माहीत आहे. चार पावलं आहेत. मी तुला मारणार नाही रे. मला तुला एकदा धरायचंय, आणि मग मला घरी जायचंय. ये."

"तू..."

"मी येऊ शकतो तिकडे. पण येणार नाही. मी एकदा भोगलंय तुमच्या कागदाखातर. आज तू ये."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेतात मेंढ्या चरत होत्या, त्या दोन्ही देशांत चरत होत्या. नानांनी डोंगराकडे बघितलं. मागे बघितलं. त्यांची काठी रेघेपर्यंत गेली, टेकली, आणि मागे आली. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाना, जा. मोठ्याने का नाही म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही.

"अर्ज केलाय," नाना म्हणाले. "निर्णय प्रलंबित आहे. आला की लगेच."

"मी शनिवारी चाललोय, दत्ता."

"हो."

धुरी थांबले. खूप थांबले, हात थोडा पुढे करून. मग तो हात खाली आला. त्यांनी टोपी घातली, स्मिताच्या खांद्याचा आधार घेतला आणि गाडीकडे गेले. मागे वळून बघितलं नाही, दारही आपटलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत नाना तसेच उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माणूस रडताना पाहिलाय, पण इतका ताठ उभा राहून रडताना नाही.

पलीकडची खुर्ची तशीच राहिली होती. मी गेले, ती मिटली, काखेत धरली आणि परत आले. जाताना चार पावलं, येताना चार. नाना माझ्या पायांकडे बघत होते, एकेक पाऊल मोजल्यासारखे. मी जवळ आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कुणी बघितलं नाही ना?"

माझ्या पर्समध्ये आयरिश पासपोर्ट होता. मी दिवसातून शंभरदा तिथून ये-जा केली असती तरी मला कुणी काही म्हटलं नसतं. तरी उत्तर देण्याआधी मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं.